टीनएजर म्हणजे नेमकं कोण? बारावं सरलं, अठरावं लागायचंय. मग शब्द कोणता वापरायचा?

आकुर्डी स्टेशनवर लोकलचं अर्धं तिकीट मिळतं ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना. बारावं पूर्ण झालं की पूर्ण तिकीट. म्हणजे रेल्वेच्या लेखी पोरगं मोठं झालं. इंग्रजीच्या लेखी मात्र ते अजून 'टीनएजर'सुद्धा झालेलं नसतं!

हा शब्द मुळात आकड्यांचा आहे. 'थर्टीन' ते 'नाइन्टीन' या सात आकड्यांच्या शेवटी येणारं 'टीन' म्हणजे 'टेन', अर्थात दहा. तीन अधिक दहा, चार अधिक दहा. म्हणून टीनएजर म्हणजे तेरा ते एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. बारा वर्षांचा त्यात बसत नाही, वीस वर्षांचाही नाही.

'टीन्स' हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. 'टीनएजर' मात्र रुळला 1940 च्या दशकात, अमेरिकेत. त्याआधीच्या मंदीत नोकऱ्या नव्हत्या आणि 1938 च्या कायद्याने बालमजुरीवर बंधनं आणली. मुलं हायस्कुलात टिकू लागली. ना लहान, ना कमावती, अशी एक नवी पिढी दिसू लागली आणि ती सर्वात आधी हेरली बाजाराने. 1944 मध्ये या वयाच्या मुलींसाठी 'सेव्हन्टीन' नावाचं मासिकच निघालं.

मराठीत असा गट का नाही? आपले आकडे बघा. अकरापासून अठरापर्यंत चौदा आणि सोळा सोडले तर सगळ्यांच्या शेवटी 'रा' येतो आणि एकोणीस म्हणजे एक उणे वीस. आपली रांग अठरालाच संपते. योगायोग असा, की कायद्याची रेघही तिथेच आहे.

'पौगंडावस्था' हा पर्याय पुस्तकात ठीक, घरात कुणी बोलत नाही. शिवाय जुन्या संस्कृत विभागणीत पौगंड म्हणजे पाच ते दहा वर्षं, त्यापुढे पंधरापर्यंत कैशोर. त्यामुळे 'किशोरवयीन' हा शब्द जास्त जवळचा. जागतिक आरोग्य संघटना 'अडोलसंट' म्हणते ते 10 ते 19 वर्षांच्या मुलांना, आणि आपला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमही याच वयासाठी आहे. 'अडोलसंट' आणि 'अडल्ट' एकाच लॅटिन क्रियापदातून आले आहेत: एक वाढत असलेला, दुसरा वाढून झालेला.

खरी गडबड होते ती बातम्यांत. 'टीनएजर चालकाने धडक दिली' असं वाचल्यावर तो सतराचा की एकोणीसचा, हे कळत नाही. आणि फरक तर तिथेच आहे. एकोणीस वर्षांचा आरोपी टीनएजर असला तरी कायद्याने सज्ञान; त्याचा खटला नेहमीच्या न्यायालयात चालतो. सतरा वर्षांचा मुलगा बाल न्याय मंडळापुढे जातो. मे 2024 मधल्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर सगळा वाद याच रेघेवरून झाला. पोलिसांच्या पत्रकात अशा मुलाला 'विधिसंघर्षित बालक' म्हणतात. शब्द जड आहे, पण वय स्पष्ट सांगतो. भोसरी-चाकणच्या पट्ट्यातही हीच रेघ लागू: कायद्याने धोकादायक ठरवलेल्या कामावर अठराच्या आतल्या मुलाला ठेवता येत नाही.

तेव्हा गप्पांमध्ये 'टीनएजर' खुशाल म्हणावं. पोलीस, कोर्ट, लायसन्स यांचा विषय निघाला की 'अल्पवयीन' किंवा सरळ वय.

बजाजच्या स्कूटरमुळे देशभर नाव झालेल्या आकुर्डीत लायसन्सचा विषय तर हमखास निघतो. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या गाडीचं. घरोघरी असलेल्या स्कूटर साधारण 100 सीसीच्या पुढच्या. अल्पवयीन मुलाने त्या चालवताना गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. गद्धेपंचविशी हा शब्द कायदा लिहिणाऱ्यांच्या कानावर होता की काय, कोण जाणे!