आकाशात स्थिर दिसणारा उपग्रह

तलासरीच्या पाड्यांवर कौलांशेजारी बसविलेली डिश विद्यार्थी रोज पाहतात. दूरदर्शनच्या मोफत वाहिन्यांची अशी प्रत्येक डिश आग्नेयेकडेच तोंड करून असते व एकदा बसविल्यावर कोणी ती फिरवीत नाही. चंद्रसूर्य उगवतात, मावळतात. मग ही डिश ज्याच्याकडे पाहते तो जीसॅट-१५ उपग्रह जागचा हलत कसा नाही? तेथवर पृथ्वीची ओढ पोहोचत नाही, हे उत्तर मुलांस चटकन पटते. परंतु ते चूक आहे. उपग्रह थांबला तर खालीच येईल.

वस्तुतः तो विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून, ताशी सुमारे ११,००० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावत असतो. पृथ्वीलगतच्या उपग्रहाची फेरी दीड तासात होते. दूर जावे तसतशी ओढ घटते, वेग मंदावतो आणि वाटही लांबते. या एका उंचीवर फेरीस २३ तास ५६ मिनिटे लागतात, आणि पृथ्वीही स्वतःभोवती तेवढ्याच अवधीत फिरते. तारपा नाचाच्या रिंगणात हे उत्तम दाखविता येते. मधला तारपावादक रिंगणाच्याच गतीने जागच्या जागी वळत राहिला, तर समोरचा नाचणारा त्यास सतत समोरच दिसेल. बाहेर उभ्या मुलांस मात्र दोघेही फिरताना दिसतील.

यावर चौकस विद्यार्थी विचारील, मग उपग्रह थेट डहाणूच्या माथ्यावरच का ठेवीत नाहीत? कारण त्याच्या कक्षेची पातळी पृथ्वीच्या केंद्रातून गेलीच पाहिजे. घोलवडचा एक गोल चिकू घ्यावा. मध्याभोवती रेघ ओढावी, ते विषुववृत्त. तिच्या वर, २० अंशांच्या अदमासाने, डहाणूचा ठिपका द्यावा. आता त्या ठिपक्यावरून चिकूचे दोन समान भाग करणारा दोरा गुंडाळावा. तो पलीकडे रेघेखाली उतरतोच. डहाणूवर सोडलेला उपग्रहही असाच रोज दक्षिण गोलार्धात जाऊन येईल.

किनाऱ्यावरील शाळांत मात्र डिशऐवजी वादळापासून आरंभ करावा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ पालघरच्या समुद्रातून गुजरातकडे गेले. पृथ्वीलगतचा उपग्रह एका जागेवरून दिवसात एकदोनदाच जातो. तेवढ्यात वादळ कोठल्या कोठे जाते. २०१३ साली सोडलेला इन्सॅट-३डी मात्र दर अर्ध्या तासाने त्याच समुद्राचे चित्र पाठवू शकत होता. डहाणू व झाईच्या कोळी मुलांस या अर्ध्या तासाचे मोल निराळे समजवावे लागत नाही.