नागपूर उलटं लिहिलं तर

‘नागपूर’ हा शब्द जावास्क्रिप्टकडून उलटा करून घ्या. काम एका ओळीचं: शब्दाचे तुकडे कर, शेवटापासून लाव, जोड. उत्तर येतं ‘रूपगान’. एखाद्या संगीतसभेला शोभेल असं नाव, पण उत्तर चुकीचं. आपल्या हिशेबानं अक्षरं चार, ना-ग-पू-र. उलट केली तर ‘रपूगना’ व्हायला हवं. यंत्राच्या लेखी मात्र तिथं सहा खुणा आहेत: न, काना, ग, प, दीर्घ उकार, र. त्या उलट्या क्रमानं मांडल्या की ‘प’चा उकार ‘र’ला चिकटतो आणि ‘न’चा काना ‘ग’ला.

ही नुसती गंमत नाही. फॉर्ममध्ये ‘नाव वीस अक्षरांत लिहा’ असं बंधन असतं, मोबाइलवर लांबलचक मथळा मध्येच तोडावा लागतो. अशा जागी अक्षर कुठं संपतं हे यंत्राला कळलं नाही, तर वेलांटी एका ओळीत आणि तिचं व्यंजन दुसरीकडे असा प्रकार होतो. यासाठी जावास्क्रिप्टमध्ये सेगमेंटर नावाची सोय आली. तिला ‘नागपूर’ द्या, बरोबर चार तुकडे मिळतात. प्रश्न फक्त ती कुणाकडे आली याचा. क्रोममध्ये ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली, सफारीत २०२१ मध्ये, फायरफॉक्समध्ये थेट एप्रिल २०२४ मध्ये. मधल्या साडेतीन वर्षांत ज्यानं ती बिनधास्त वापरली, त्याचा प्रोग्रॅम फायरफॉक्सवाल्याकडे त्या ओळीशी येऊन थांबला. ग्राहकाच्या भाषेत सांगायचं तर ‘साइट उघडत नाहीये’.

मग मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कात बसलेला वेब प्रोग्रॅमर काय करतो? पॉलिफिल टाकतो. हे नाव ब्रिटिश प्रोग्रॅमर रेमी शार्प यानं २००९ च्या सुमारास रूढ केलं, तिकडच्या भिंतीला भरायच्या पुट्टीच्या ब्रँडवरून. आपले पेंटर रंगाआधी भेगांत लांबी भरतात, तसंच हे. पॉलिफिलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही सोय ब्राउझरमध्ये आहे का? असेल तर तो काहीच करत नाही. नसेल तर त्याच नावाचं, तसंच वागणारं फंक्शन स्वतः मांडून ठेवतो. पुढच्या प्रोग्रॅमला फरक कळत नाही आणि कळूही नये.

सेगमेंटरच्या बाबतीत ही भरणी जड जाते. कुठल्या खुणेनंतर अक्षर तुटतं, याचे जगभरच्या लिप्यांचे तक्ते सोबत न्यावे लागतात. शिवाय हे तक्ते आणि नियम बदलतात. ‘विदर्भ’ घ्या. युनिकोडच्या जुन्या नियमानं त्याचे चार तुकडे पडत: वि, द, मग पाय मोडलेला र, आणि भ. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं अखंड धरण्याचा नियम आला आणि तीन तुकडे झाले: वि, द, र्भ. म्हणजे पॉलिफिल जुना राहिला, तर एकाच पानावर दोन वाचकांसाठी विदर्भाची लांबी वेगवेगळी.

इथपर्यंतचं सगळं नव्या नावाच्या फंक्शनचं झालं. ते नसेल तर लिहून देता येतं. भाषेचं व्याकरणच बदललं तर काय? जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली बाणाच्या खुणेनं फंक्शन लिहिण्याची पद्धत आली. जुना ब्राउझर ती खूण वाचतानाच अडखळतो. फाइलमधली एकही ओळ चालत नाही, मग त्याच फाइलमधला पॉलिफिल तरी कसा चालणार? तेव्हा प्रोग्रॅम ग्राहकाकडे जाण्याआधीच नव्या बोलीतून जुन्या बोलीत उतरवावा लागतो. याला ट्रान्सपाइल करणं म्हणतात. सेबॅस्टियन मॅकेंझी या ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी वयाच्या मुलानं २०१४ मध्ये यासाठी ‘सिक्स टू फाइव्ह’ नावाचं अवजार लिहिलं. पुढच्या वर्षी त्याचं नाव बॅबेल झालं आणि बघता बघता वेब प्रोग्रॅमिंगचा निम्मा डोलारा त्यावर उभा राहिला.

नाव आणि व्याकरण यांतला हा फरक खरा कळतो तो टर्बो सी प्लस प्लसवर. नागपुरात काय, महाराष्ट्रात कुठंही इंजिनिअरिंग किंवा बीसीए केलेल्यांच्या कितीतरी बॅचना तो निळा पडदा आठवत असेल. बोरलँड कंपनीचं हे अवजार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं, डॉससाठीचं. चौसष्ट बिटी विंडोजवर ते थेट चालतच नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये त्याच्यासाठी खोटा डॉस उभा करायचा आणि प्रॅक्टिकल उरकायचं. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं १९९८ मध्ये. त्यातला ‘बूल’ हा खरं-खोटं सांगणारा प्रकार टर्बोच्या ३.० आवृत्तीला ठाऊकच नाही. पुस्तकातला प्रोग्रॅम चालेना, तेव्हा हुशार पोरं वर दोन-तीन ओळी लिहीत: बूल म्हणजे पूर्णांक समज, ट्रू म्हणजे एक, फॉल्स म्हणजे शून्य. व्हायवाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण पॉलिफिल तोच.

तीच पोरं ट्राय-कॅचपाशी अडत. समजा प्रोग्रॅमनं फाइल उघडली, मेमरी घेतली, एकातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या फंक्शनमध्ये गेला आणि तिथं गडबड झाली. ट्राय-कॅचचा करार असा, की तिथून थेट वरच्या फंक्शनमध्ये परत यायचं, आणि येताना वाटेतल्या फंक्शननी तयार केलेले ऑब्जेक्ट एकेक करून मोडीत काढायचे. नुसती उडी मारायची सोय सी भाषेत आहेच, पण ती वाटेतलं काही आवरत नाही. आवरायचं तर कुठल्या क्षणी काय-काय जिवंत आहे याची नोंद प्रत्येक फंक्शनमध्ये हवी. वर दोन ओळी लिहून हे होत नाही. कंपायलरच्या पोटात शिरावं लागतं.

आणि हे फक्त कॉलेजच्या पोरांचं झालं असं नाही. खुद्द सी प्लस प्लसचा जन्म अशाच भाषांतरातून झाला. बेल लॅब्जमध्ये ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रप यांनी १९८३ मध्ये सीफ्रंट लिहिला, तो नव्या भाषेतला प्रोग्रॅम साध्या सीमध्ये उतरवून देई. सीचा कंपायलर जवळपास प्रत्येक यंत्रावर होता, त्यामुळे नवी भाषा पहिल्या दिवसापासून जुन्या यंत्रांवर चालली. माझ्या मते तिच्या प्रसाराचं निम्मं श्रेय या युक्तीचं. हाच सीफ्रंट १९९३ मध्ये सोडून द्यावा लागला, कारण त्याच्या चौथ्या आवृत्तीत ट्राय-कॅच बसवण्याचा प्रयत्न फसला.

जे बसतं त्याचीही किंमत असते, आणि ती भलत्याच माणसाकडून वसूल होते. जावास्क्रिप्टमधलं, सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहणारं पाच ओळींचं आधुनिक फंक्शन जुन्या बोलीत उतरवलं की स्विच-केसची लांबलचक माळ होते. म्हणजे ज्याचा फोन जुना, प्रोसेसर दुबळा, त्याच्याच वाट्याला सगळ्यात जाड फाइल! नव्या फोनवाल्याला निदान तो भुर्दंड पडू नये म्हणून एक तोड निघाली. पानावर दोन फाइली नोंदवायच्या: एक ‘मॉड्यूल’ म्हणून, ती फक्त नवे ब्राउझर उचलतात, दुसरी ‘नोमॉड्यूल’ म्हणून, तिच्याकडे नवे बघत नाहीत आणि जुने तेवढीच चालवतात.

याहून सोयीची वाटली ती पॉलिफिल डॉट आयओ ही फुकट सेवा, फायनान्शियल टाइम्समधल्या प्रोग्रॅमरनी सुरू केलेली. पानात एक ओळ टाकायची. मागणी कुठल्या ब्राउझरकडून आली ते पाहून सेवा हवे तेवढेच तुकडे पाठवी. मुळात सुरेख कल्पना. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते डोमेन फनल या चिनी कंपनीकडे गेलं. जूनमध्ये सॅनसेक या डच सुरक्षा कंपनीनं जाहीर केलं, की तिथून येणारा कोड काही मोबाइलवाल्यांना सट्ट्याच्या साइटवर ढकलतो आहे. ठराविक फोन, ठराविक वेळ पाहूनच तो जागा होई. साइटचा ॲडमिन दिसला की गप्प. समोर कोण आहे ते पाहून वेगळा कोड द्यायचा, ही तर त्या सेवेची मूळ खुबीच होती. फसवणाऱ्यांना ती आयतीच मिळाली.

सेवेचे मूळ कर्ते अँड्र्यू बेट्स यांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं, की आजच्या साइटना यातलं काही लागत नाही, ती ओळ काढून टाका. जूनमध्ये बोभाटा झाला तेव्हा ती ओळ एक लाखाहून जास्त साइटवर होती.