आजारपणाची वही

अंबडच्या बारवांच्या नोंदी करता करता मला वही ठेवण्याची सवय लागली. पायऱ्या किती, कोनाडे किती, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, असे लिहायचे. शिक्षण बारावीपर्यंतच झालेले, त्यामुळे मोजून लिहिलेले तेवढेच आपले, बाकी ऐकीव, असे मी धरून चालते. 2022च्या दिवाळीत माझ्या पतींच्या तोंडातल्या जखमेचा तुकडा तपासायला गेला आणि कर्करोगाचे निदान आले, तेव्हा मी सवयीने नवी वही काढली. हा लेख त्या वहीवरून लिहिते आहे.

ह्यांचे ट्रॅक्टर-दुरुस्तीचे गॅरेज होते. तंबाखू मळण्याची सवय लग्नाआधीची, पुढे तिची जागा पुडीने घेतली. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. आमच्या घरातली पुडी मात्र 2022च्या ऑक्टोबरात बंद झाली.

पहिला धडा रेशनकार्डाने दिला. गॅरेजसाठी घेतलेला जुना टेम्पो ह्यांच्या नावावर असल्याने आमचे कार्ड पांढरे. रुग्णालयाच्या खिडकीवर सांगण्यात आले, ‘पांढऱ्याला योजना नाही, पैसे भरा.’ आम्ही भरले. तपासण्या, स्कॅन, पुन्हा तपासण्या. पंधरा दिवसांनी मी शासन निर्णय मिळवून स्वतः वाचला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पिवळ्या आणि केशरी कार्डांबरोबर 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतले पांढरे कार्डधारक शेतकरीही होते, आणि त्या 14 जिल्ह्यांत जालना होता. ह्यांच्या नावावर तीन एकर मोसंबी. सातबारा घेऊन गेले, आरोग्यमित्राकडे अर्ज दिला, मंजुरी आली. खिडकीवर भरलेले 31,000 मात्र गेले ते गेलेच. ही योजना रोख परत करत नाही. मंजुरीनंतरचा उपचार बिनपैशाचा, आधीचे भरलेले आपले. म्हणून कोणी विचारले की मी पहिले हेच सांगते: पैसे काढण्याआधी आरोग्यमित्र शोधा, तो सापडला नाही तर 155388 वर फोन लावा, आणि मगच खिडकीवर जा.

आता हा प्रश्न बराच सुटला आहे. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली, 2013 मध्ये राज्यभर आलेली आणि 2017 मध्ये फुल्यांचे नाव मिळालेली ही योजना 1 जुलै 2024 पासून सर्व रेशनकार्डांना लागू झाली. कुटुंबाची वर्षाची मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली. आमच्या वेळी दीड लाखच होते. शस्त्रक्रिया आणि शेक त्यात कसेबसे बसले.

शेक म्हणजे किरणोपचार. एकूण 30, आठवड्याला पाच. एकेक शेक काही मिनिटांचा, पण त्यासाठी सहा आठवडे संभाजीनगरात राहायचे किंवा रोज येजा करायची. नाकात नळी असलेल्या माणसाला घेऊन रोज एसटीने जाणे पहिल्या आठवड्यातच अशक्य झाले. परतूरकडच्या एका कुटुंबाबरोबर आम्ही एक खोली भाड्याने घेतली. त्यांच्या आईला शेक होते. मधे पडदा, स्वयंपाक एकत्र. त्या बाईंनी मला मुगाचे कढण नळीतून अडकणार नाही इतके पातळ कसे गाळायचे ते शिकवले. चार-पाच शेक उरले असताना, 17 मार्च 2023ला, एसटीत बायकांना अर्धे तिकीट सुरू झाले. ‘आता सुरू झाले,’ असे मी वहीत लिहून ठेवले आहे.

मुंबईला एकदाच गेलो, दुसरे मत घ्यायला. रेल्वेत कर्करुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी शयनयानात पूर्ण आणि सोबत्याला 75 टक्के सवलत असते, त्याला डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. आम्ही जालन्याहून देवगिरीने गेलो ते पूर्ण भाडे देऊन. दाखल्याचे कळले ते दादरला, संत गाडगे महाराज धर्मशाळेच्या ओसरीवर, एका अनोळखी माणसाकडून. धर्मादाय रुग्णालयांचेही असेच ओसरीवर कळले. अशा रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली ही योजना 2006 पासून चालू आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला खिशात असला की हे बोलता तरी येते.

ऑक्टोबर ते एप्रिल या सात महिन्यांची बेरीज वहीत अशी आहे: मंजुरीआधीच्या तपासण्या 31,000, प्रवास 18,400, खोली 9,000, दूध-अंडी-सत्त्व आणि बाहेरची औषधे 26,000, सोनेतारणाचे व्याज 6,000. आणि बंद गॅरेजचे महिना 12,000 प्रमाणे 84,000. एकूण 1,74,400. उपचार ‘फुकट’ झाला, त्या सात महिन्यांची ही बेरीज. निम्मी रक्कम तर कोणी मागितलेलीच नाही. ती आलीच नाही. बुडालेल्या मजुरीला पावती नसते, म्हणून ती कुठल्याही योजनेच्या अर्जात बसत नाही.

माझे शिवणकाम या बेरजेत नाही. ते लिहायचे मला सुचलेच नव्हते. 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांची बिनपगारी काळजी घेणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ 134 मिनिटे आणि पुरुषांचा 76 मिनिटे निघाला, हे वाचले तेव्हा मी वहीची मागची पाने पुन्हा चाळली. मशीन सहा महिने झाकून होते आणि मी त्याचा एक रुपयाही धरला नव्हता.

पैसा आणला कुठून? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2014च्या फेरीत ग्रामीण भागातल्या रुग्णालयाच्या खर्चापैकी सुमारे 25 टक्के कर्जाऊ होता, तर सुमारे 68 टक्के उत्पन्न आणि बचतीतून. आमचे उलटे होते. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, 40,000 उसने दिले. बचत गटाचे 30,000. पाटल्या बँकेत ठेवून 1,10,000. या क्रमाने गेलो म्हणून वाचलो, कारण मधे एक दिवस असा आला होता की सगळेच गेले असते.

भाऊजींनी एक सावकार आणला. दोन लाख, तीन टक्क्यांनी. तीन ऐकायला लहान वाटते. ते महिन्याचे असते. महिन्याला 6,000, वर्षाला 72,000. शिवाय तारण म्हणून गहाणखत नव्हे, मोसंबीच्या रानाचे खरेदीखत मागितले, ‘पैसे फिटले की उलटे करून देऊ’ या बोलीवर. 2014च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याखाली शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्के, इतरांना 15 आणि 18 हीच मर्यादा आहे. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. आणि सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. हे मी भाऊजींना सांगितले. ते म्हणाले, ‘वहिनी, माणूस महत्त्वाचा की कायदा?’

ह्यांना तेव्हा बोलता येत नव्हते. मुलाची जुनी पाटी उशाशी असे. त्यांनी लिहिले, ‘माझ्यावर किती लागले?’ मी रक्कम सांगितली, थोडी कमी करून. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिले, ‘रान नको. शेक बंद कर.’

‘अहो, शेकाला पैसे लागतच नाहीत,’ मी म्हणाले. ते खरे होते, पण त्यांना पटायला मंजुरीचा कागद दाखवावा लागला. तोवर ते प्रत्येक शेकाची किंमत मनातल्या मनात मोजत होते. आजारी माणसापासून हिशेब लपवू नये, हे मला त्या रात्री कळले. लपवला की तो स्वतः करतो, आणि नेहमी जास्तीचा करतो.

ज्यांच्या नावाने तो कागद होता त्यांचे शेवटचे दिवस मला त्या काळात सारखे आठवत. मे 1888 मध्ये मुंबईत जोतीरावांना महात्मा ही पदवी मिळाली आणि जुलैत पक्षाघाताने उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. ते 1891 मध्ये, त्यांच्या मागे छापले गेले. एके काळी बांधकामाची कंत्राटे घेणाऱ्या या माणसाच्या घरी इतकी ओढ लागली की 1890 मध्ये मामा परमानंदांनी सयाजीराव गायकवाडांना मदतीसाठी पत्र लिहिले. त्या डाव्या हाताबद्दल आपण आदराने बोलतो. माझ्या डोक्यात मात्र सावित्रीबाई येत: दिवा कोणी धरला, पथ्याचे कोणी शिजवले, उसने मागायला कोण गेले. पाटी माझ्या हातात असताना असेच प्रश्न पडणार.

खरेदीखत झाले नाही. भाऊजी वर्षभर बोलले नाहीत, मग मोसंबीच्या तोडीला आपणहून आले.

ह्यांचे बोलणे आता जाड झाले आहे. गिऱ्हाइकांना सवय झाली. सकाळचे चार तास गॅरेज उघडते, जड काम पोरगा करतो. तपासणीला दर काही महिन्यांनी जावे लागते, त्याचे पान वहीत वेगळे. गटाचे फिटले, दादाचे अर्धे फिटले. पाटल्या बँकेतच आहेत. दर वर्षी व्याज भरून नवे-जुने करते.