१०८ येण्याआधी
(लेखमाला : उतारवयाचं आरोग्य, भाग सहावा)

एकादशीचा उपास आणि मधुमेहाची गोळी यांचं जमत नाही. आजी गोळी नेमाने घेतात, पोटात मात्र सकाळपासून नुसता चहा. दुपारी दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. घाबरलेला नातू १०८ ला फोन लावतो. रक्तातली साखर ७० च्या खाली उतरलेली असते. नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर तालुक्यात धापेवाड्याचा विठोबा आहे, म्हणजे उपास करणारी म्हातारी माणसं घरोघरी. म्हणून हे उदाहरण आधी.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. ९३७ गाड्या आणि गाडीत डॉक्टर, ही राज्याची मोठी कमाई. पण गाडी बोलावल्यावर येते. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे कोणी आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून घरी सांगितलं असतं, तर गाडी बोलवावीच लागली नसती.

असं आधीच लक्ष घालण्याचं काम कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात करून पाहिलं गेलं. मॅकमास्टर विद्यापीठाच्या डॉ. जिना अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या अनुदानित इमारतींमध्ये पॅरामेडिकना दर आठवड्याला नेऊन बसवलं. ते रक्तदाब मोजत, मधुमेहाचा आणि पडण्याचा धोका तपासत आणि जे आढळेल ते त्या माणसाच्या डॉक्टरांना कळवत. ही सोय नसलेल्या इमारतींशी तुलना झाली. २०१८ साली निष्कर्ष छापून आला : रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन २२ टक्क्यांनी कमी.

विदर्भात मात्र दुखणं दुहेरी आहे. काही फोन टाळता येण्याजोगे असतात, तर काही करायलाच हवे होते ते होत नाहीत. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा साधारण दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा निघाला आणि त्यांतले बहुतेक घरीच झालेले. पक्षाघातामागचं सर्वांत मोठं कारण वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, मोजल्याशिवाय कळत नाही, आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी सुटते.

कळमेश्वरहून नागपूर जवळ, त्यामुळे 'चला, मेडिकल कॉलेजला नेऊ' हे पटकन सुचतं. सरकारी पैसाही त्याच वाटेने जातो. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण भरती झाल्यावर. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३००० रुपये मात्र काठी, चष्मा, वॉकरसाठी आहेत. रात्री मोरीकडे जाताना पाय घसरू नये, यासाठी ते फार मोलाचे. ते खरंच काठीवर खर्च झाले का, हे उंबरठ्याआत जाऊनच कळतं.

घरी जाऊन पाहण्याचं हे काम आशाताई आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी करू शकतात. वेगळी फौज नको. १०८ ने एकदा नेलेल्या साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाचं नाव त्याच्या उपकेंद्राला कळावं, आठवड्याच्या आत कोणीतरी घरी जावं, गोळ्यांचा डबा उघडून पाहावा, रक्तदाब आणि साखर मोजावी. या फेरीचा वेगळा मोबदला आशाताईंना मिळायलाच हवा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी सुरुवात एखाद्या उपकेंद्रापासून करावी.

वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं : साखर उतरलेला माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. आणि छातीत कळ, वाकडं झालेलं तोंड, लुळा पडलेला हात किंवा हरपलेली शुद्ध दिसली, तर एक मिनिटही न दवडता १०८ लावावा.