यकृताचे औषध आणि पुराव्याचे मोल

घरात कोणाचे डोळे पिवळे दिसू लागले की अनेक कुटुंबांत आजही प्रथम आठवण होते ती कावीळ उतरविणाऱ्याची. कोणी भुईआवळीचा रस देतो, कोणी कुटकीचे चूर्ण, कोणी गळ्यात माळ घालतो. काही आठवड्यांत रोगी बरा होतो आणि श्रेय उपचाराला मिळते. वस्तुतः दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेक रुग्णांत आपोआपच ओसरते. निसर्गाने केलेल्या कामाचे मोल भलत्याच्याच पदरात पडते! मग या वनस्पतींत गुण असा काहीच नाही काय?

तसे म्हणणेही अशास्त्रीय ठरेल. भूमध्य सागराकाठच्या एका काटेरी झुडपाच्या बियांतून म्युनिकच्या हिल्डेबर्ट वाग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 च्या सुमारास ‘सिलिमरीन’ वेगळे केले. विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना युरोपात त्यातील सिलिबिनिन हे द्रव्य शिरेवाटे दिले जाते. अळंबीचे विष यकृताच्या पेशींत शिरण्यास ते अटकाव करते. हिमालयातील कुटकीच्या मुळांवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम झाले. प्रयोगशाळेतील उंदरांचे यकृत या द्रव्यांनी विषापासून बचावते, हेही अनेकवार दिसून आले आहे.

तथापि उंदीर आणि माणूस यांत मोठे अंतर आहे. उंदराला बहुधा आधी औषध व मग विष दिले जाते. रुग्ण मात्र रोग जडल्यानंतर येतो. भुईआवळीची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. ‘बी’ काविळीच्या विषाणूचा शोध लावून 1976 चे नोबेल पारितोषिक मिळविणारे बरुक ब्लुमबर्ग आणि मद्रासचे एस. पी. त्यागराजन प्रभृतींनी 1988 मध्ये एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. भुईआवळी घेतलेल्या 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. निष्क्रिय चूर्ण घेतलेल्या 23 पैकी केवळ एकाच्या. जगभर आशा पल्लवित झाल्या. परंतु पुढे थायलंड व न्यूझीलंड येथील चाचण्यांत तो गुण आढळला नाही. सिलिमरीनही 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ‘सी’ काविळीच्या रुग्णांवर निष्प्रभ ठरले.

एकच चाचणी म्हणजे पुरावा नव्हे, हा यातील पहिला धडा. दुसरा धडा अधिक कठोर आहे. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत घातक ठरू शकते. कोरोनाकाळात गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्यास आक्षेप घेतला. परंतु पुढील वर्षी 13 केंद्रांतील 43 रुग्णांची तशीच नोंद प्रसिद्ध झाली.

ग्राहकाला मालाची पारख करता येत नाही, तेथे बाजाराचा न्याय चालत नाही, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. बाटलीत काय आहे आणि ते लागू पडले की नाही, हे रुग्णाला बरे झाल्यावरही कळत नाही. म्हणून ही पारख शासनाने व संशोधनसंस्थांनीच केली पाहिजे. दरम्यान, रुग्णाला भ्रम होऊ लागला, रक्तस्राव दिसला किंवा गर्भवतीला कावीळ झाली, तर रस-चूर्णात दवडलेला एकेक दिवस प्राणांशी गाठ घालणारा ठरतो.

हैदराबादच्या एका कंपनीने 1997 मध्ये ‘बी’ काविळीची देशी लस बाजारात आणली आणि त्या लसीची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. लस आणि शुद्ध पाणी यांनी कावीळ होतच नाही, म्हणून त्यांचे श्रेय कोणी गात नाही. वनौषधींचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु तो कसोटीला उतरलेल्या गुणाचा असावा, ऐकीव गुणाचा नव्हे.