‘दोफीन’ पदवीचा अर्थ

‘दोफीन’चे भाषांतर ‘युवराज्ञी’ असे करताना सावध राहावे. या पदवीत वारसाहक्क मुळीच नाही. ‘दोफँ’ (डॉल्फिन हा जलचर) या शब्दाचे हे स्त्रीलिंगी रूप होय. बाराव्या शतकात आल्बोंच्या काउंट घराण्यात ते प्रथम व्यक्तिनाम होते. पुढे ती पदवी झाली व प्रदेशासही दोफिने हे नाव पडले. १३४९ मध्ये दुसऱ्या अँबेरने तो प्रदेश फ्रेंच राजघराण्यास विकला आणि पदवी युवराजाकडे आली. त्याची पत्नी ती दोफीन. सोळाव्या लुईची ज्येष्ठ कन्या मारी-तेरेझ ‘मादाम रॉयाल’ म्हणविली जाई. पण राजाची ही लेक दोफीन झाली ती सून म्हणून, १८२४ मध्ये सासरे दहावे शार्ल गादीवर आले तेव्हा. हीच शेवटची दोफीन; १८३० च्या क्रांतीने पदवी संपली.