फ्रँचायझीसाठी सरकारी हमीचं कर्ज: हमी नेमकी कुणाला?

चहा, मिसळ किंवा वडापावच्या नावाजलेल्या ब्रँडची फ्रँचायझी घ्यायची आणि पैसे सरकारच्या 'मुद्रा' कर्ज योजनेतून उभे करायचे, असा बेत आज अनेक तरुण आखतात. बेत वाईट नाही. पण त्याभोवतीचा एक समज कुटुंबाला कायमचा गोत्यात आणू शकतो.

तो म्हणजे, 'सरकारची हमी आहे, धंदा बसला तर सरकार भरेल.' हमी बँकेला असते, तुम्हाला नाही. मुद्रामागे सूक्ष्म उद्योगांसाठीचा पत हमी निधी आहे. मोठ्या कर्जांसाठी केंद्र सरकार आणि सिडबीने २००० साली स्थापलेला 'सीजीटीएमएसई' हा ट्रस्ट आहे. हप्ते थकून खातं बुडीत (एनपीए) झालं, की बँक ठरावीक हिश्शाचा दावा या निधीकडे करते. तुमचं देणं मात्र माफ होत नाही. वसुली चालूच राहते, सिबिल बिघडतं, पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात तरी ते आडवं येतं. हमीचा तुम्हाला होणारा फायदा वेगळाच आहे: घर किंवा शेत तारण द्यावं लागत नाही. ज्याच्याकडे तारण द्यायला काहीच नाही, त्याच्यासाठी हा फायदा फार मोठा आहे.

'मुद्रातून २० लाख मिळतात' हे अर्धसत्य. नवख्याला मर्यादा १० लाखांची. २०२४ साली आलेला २० लाखांचा 'तरुण प्लस' गट आधीचं मुद्राच्या 'तरुण' गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी आहे. मुद्रात सबसिडीही नाही. ती पीएमईजीपी या सरकारी रोजगार निर्मिती योजनेत मिळते, पण मुख्यतः नव्या उद्योगाला. कुणाचं चालतं आउटलेट विकत घेतलं तर नाही.

'बँकेने कर्ज दिलं, म्हणजे ब्रँड पारखलेला आहे' हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो. बँक तुमचं सिबिल, कोटेशनं आणि प्रोजेक्ट रिपोर्ट बघते, आणि त्या रिपोर्टमधला विक्रीचा अंदाज बऱ्याचदा फ्रँचायझी विकणाऱ्या कंपनीनेच दिलेला असतो. अमेरिकेत करारावर सही होण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला सविस्तर माहितीपत्रक द्यावं लागतं. भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून चालू आउटलेटच्या मालकांना स्वतः भेटा, बंद पडलेल्यांची यादी कंपनीकडे मागा.

आणि हिशेब कागदावर मांडा. समजा कर्ज ८ लाख, व्याज ११ टक्के, मुदत ५ वर्षं: हप्ता साधारण १७,४०० रुपये. विक्री महिन्याला ३ लाख आणि रॉयल्टी ६ टक्के धरली तर आणखी १८,०००. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. तोट्याच्या महिन्यातही ती द्यावीच लागते. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,२४० रुपये. साध्या उपाहारगृहाला ५ टक्क्यांच्या जीएसटीत इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे हे पैसे परत येत नाहीत. फ्रँचायझी फीवरच्या जीएसटीचंही तेच. भाडं, पगार, गॅस आणि दूध यांचा खर्च याशिवाय वेगळा.

'एजंटाशिवाय काम होत नाही' असं सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. मुद्राने एजंट नेमलेले नाहीत आणि उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. अर्ज थेट बँकेच्या शाखेत किंवा जनसमर्थ पोर्टलवर करता येतो.